दोन लार्क

माझ्या बायकोच्या, म्युरिएलच्या शवपेटीत मी तिचा लार्क ठेवला, हे आमच्या क्लबातल्या लोकांनी मला कधीच माफ केलं नाही. पर्सी गॉट्स सांत्वनाला आला, टोपी काढली आणि पहिलंच वाक्य बोलला, "खरंच ठेवलास? चालू स्थितीतला?"

लार्क म्हणजे शेतात गाडली गेलेली नाणी, बटणं शोधायचा मेटल डिटेक्टर. आमच्याच नॉरफक परगण्यातला एक म्हातारा आपल्या शेडमध्ये हातानं तारा गुंडाळून ते बनवायचा. म्हातारा गेला आणि लार्क बनायचे थांबले. नवी यंत्रं आकडे दाखवतात, खोली सांगतात. लार्क नुसता गुणगुणतो आणि धातूवरून गेला की त्याचा सूर चंडोलासारखा वर चढतो, म्हणून तर नाव लार्क, म्हणजे चंडोल. ज्याच्याकडे आहे तो विकत नाही. लार्क बाजारात मिळत नाही, कुणीतरी मेल्यावर मिळतो, असं आम्ही चहा पिताना म्हणायचो.

आमच्या घरात एके काळी दोन होते. दोन लार्क जवळ आले की एकमेकांच्या आवाजात लुडबुड करतात, कानात किरकिर सुरू होते. म्हणून शेताच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. जरा सरकलो की ओरडायची, "लांब हो रे! कानात किरकिरतोयस माझ्या!"

"घरात चालतो, शेतात नाही होय?"

"घरात तरी कुठे चालतोस!"

मग एकदा मी माझा लार्क गाडीमागे टेकवला आणि विसरून गाडी मागे घेतली. त्यावर ती मरेपर्यंत हसत राहिली. पुढे मी फावडं घेऊन तिच्या मागून चालायचो.

लार्क माझ्याबरोबर द्या, असं तिनं सांगून ठेवलं होतं. मी दिला, पण गडबडीत सेल काढायचे राहिले. यंत्र ठेवून देताना सेल काढायचे, नाहीतर ते पाझरून यंत्र खातात, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. दुःखाच्या जोडीला ही एक चूक मला कुरतडत राहिली.

त्यानंतर मी लार्क शोधू लागलो. मला नाणी नको होती. तो आवाज कानाला लावून मला तिच्या शेतातून चालायचं होतं. कितीतरी वर्षांनी समुद्राकाठच्या एका विधवेनं एक दिला. द्यायच्या आधी बराच वेळ ती त्याच्यावर हात ठेवून बसली होती.

सप्टेंबरात गव्हाची कापणी झाली. फाटक उघडून मी धसकटांत उतरलो, हेडफोन लावला. गुणगुण सुरू झाली आणि माझे डोळे भरून आले.

कुंपणाजवळ पोचलो तेव्हा त्या गुणगुणीत किरकिर आली.

मी वळून पाहिलं. शेतात कावळे होते, बाकी कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी पर्सीला घेऊन गेलो. त्याच्या नव्या कोऱ्या यंत्राला काही ऐकू आलं नाही. माझा हेडफोन त्यानं घातला आणि भुवया चढवल्या.

"विजेचं कुंपण असेल कुणाचं तरी."

"कुंपण एका जागी असतं, पर्सी. हे चालतंय. टोकाला जातंय, वळतंय, परत येतंय."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग हेडफोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "माझं चीजचं सँडविच गाडीत राहिलंय." ते आणायला म्हणून जो गेला, तो त्या शेतात परत आला नाही.

मी मात्र रोज जायचो. ती चालायची तसाच तो आवाज पट्ट्या-पट्ट्यानं चालायचा. मी मुद्दाम जवळ जायचो. एकदा, फक्त एकदा 'लांब हो' ऐकायला मिळावं, एवढंच मागणं होतं.

ऑक्टोबरात किरकिर मंदावली. दम लागल्यासारखी तुटायची, मधेच गप्प व्हायची. पर्सी फाटकाबाहेरूनच म्हणाला, "तुझे सेल संपत आलेत."

"माझे कालच बदललेत."

तो गाडीत बसून निघून गेला.

ती दुसऱ्यांदा जायला लागली होती आणि मला काही हातावर हात ठेवून बसवेना. मी दुकानातून नवे सेल आणले. म्युरिएलनं जन्मात नखं रंगवली नाहीत, पण लाल नेलपॉलिशची एक बाटली तिच्याकडे कायम असायची, सेल बदलला की त्याच्यावर तारीख घालायला. ती बाटली केव्हाच सुकली होती. मी तारखेविनाच सेल फाटकाच्या खांबावर मांडले आणि घरी आलो.

सकाळी धुकं होतं.

खांबावर सेल होते. माझे नव्हते.

हिरवट झालेले, पाझरलेले, मातीनं माखलेले. आमच्या शेतातली माती चिकणी. ही वाळूची होती, तिला पुरलं त्या चर्चच्या आवारातल्यासारखी.

एक अंगठ्यानं पुसला. लाल तारीख निघाली. तिच्या शेवटच्या एप्रिलची.

मी हेडफोन लावला.

किरकिर लगेच आली. जोमदार, स्वच्छ, आणि इतकी जवळ की आता तिनं ओरडायलाच हवं होतं.

कुणी ओरडलं नाही.

म्हणून मी आणखी जवळ गेलो.