उलट्या नदीचे आकडे

"हे कुणी केलंय?"

मी मान वर केली. दारात उन्हानं रापलेला एक उंच माणूस उभा, हातात माझंच रजिस्टर. आणि चक्क मराठीत ओरडत होता! १९७४ सालच्या दिल्लीत, सरकारी ऑफिसात, मराठीतून ओरडा... मला आधी आनंदच झाला. राग नंतर आला.

"मी केलंय. काय झालं?"

"वजाची सगळी चिन्हं कुठे गेली?"

"काढून टाकली," मी ऐटीत म्हटलं. "पाण्याचा वेग वजा कसा असेल? नदी काय उलटी वाहते?"

तो बघतच राहिला. मग हसत सुटला. "वाहते! आमच्या खाडीत रोज दोनदा वाहते. भरती आली की समुद्र आत शिरतो, नदीला मागे रेटतो. वर चढणारा प्रवाह वजा, समुद्राकडे जाणारा अधिक. नाव काय तुमचं?"

"अलकनंदा."

"अरे वा! नाव नदीचं, आणि—"

"पुढे बोलू नका हं!"

यमुनेकाठी वाढलेल्या मुलीला नद्यांचे हे नखरे कोण सांगणार?

तो श्रीरंग. कोकणातल्या खाडीत होडीवर बसून दोन वर्षं त्यानं हे आकडे गोळा केले होते. आता शुक्रवारपर्यंत सगळं पुन्हा लिहायचं होतं, आणि शनिवारी त्याची परतीची गाडी. तो वह्यांमधून वाचायचा, मी लिहायची.

"वजा बेचाळीस... वजा एकावन्न... लिहिलंत ना?"

"लिहिलं हो! काय कटकट आहे यार!"

बुधवारी त्यानं यमुनेचं गढूळ पाणी दोन ग्लासांत आणलं. एकात कँटीनमधलं मीठ टाकून ढवळलं. "आता बघा."

जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं, तर मिठाच्या ग्लासातलं पाणी नितळ झालेलं. दुसरं तसंच गढूळ.

"गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांपासून लांब राहतात," तो म्हणाला. "खारं पाणी भेटलं, की चिकटतात, जड होतात, खाली बसतात. नदी आणि समुद्र भेटतात तिथे म्हणून एवढा गाळ."

"मग तो तिथेच राहतो?"

"छे! पुढच्या भरतीला पुन्हा उठतो. खाडीत कशालाच स्वस्थता नाही..."

बोलताना तो माझ्याकडे बघत होता. ग्लासाकडे नाही.

स्वस्थता मला तरी कुठे होती? त्या संध्याकाळी मी आमटीत दोनदा मीठ घातलं. आई म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं?" काय सांगणार, खाडीत म्हणून? शनिवार जवळ येत होता आणि हा शहाणा आकड्यांपलीकडे अक्षर बोलत नव्हता. मला तो आवडला होता. बिल्कुल, सपशेल आवडला होता. तो असाच निघून गेला तर मी काय करणार होते?

शुक्रवारी दुपारी मी शेवटचं पान त्याच्यापुढे सरकवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. बसवतच नव्हतं.

"अलकनंदा... या पानावर वजाचं एकही चिन्ह नाही."

"हो ना."

"पुन्हा चूक?"

"पहिल्यांदा चूक होती," मी म्हटलं. "आता नाही."

त्याचे कान लाल झाले होते.

"माझी उद्या गाडी आहे," तो हळूच म्हणाला.

"माहितीये! जाल, आणि वर्षानं उगवाल एक अहवाल घेऊन. अहो, तुमची नदीसुद्धा दिवसातून दोनदा मागे फिरते!"

तो उठला. खिशातलं तिकीट काढून त्यानं रजिस्टरवर ठेवलं.

"खरं पान कुठंय?"

"लिहून ठेवलंय. माझ्या ड्रॉवरमध्ये. कुलूप आहे."

"आणि किल्ली?"

"घरी, माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे. साडेसहाला ते चहा घेतात. समोर बसून नीट मागा."

"काय... किल्ली?"

"किल्लीपासून सुरुवात करा," मी म्हटलं, आणि पर्स उचलली.