सिलतऱ्याची फुकट बस

रायपूर स्टेशनबाहेर कंपनीची फुकट बस लागली की माणसं नुसती तुटून पडायची. त्या सकाळी मोनालीची ओढणी दारातच अडकली... मागून कुणीतरी ती अलगद सोडवली.

"सांभाळा मॅडम, नाही तर ओढणी जाईल अन् तुम्ही इथंच राहाल."

"तुम्हाले काहून काळजी?"

"तुम्ही राहिल्या तर मीही राहीन ना!"

अगं बाई, काय हा आगाऊपणा! पण हसू आलंच तिला.

तो प्रशिक, डिस्पॅचमधला. ती लॅबमधली, दुर्गहून लोकलनं येणारी. प्लांटमध्ये गाठ पडायची नाही. जे काय बोलणं ते बसमध्येच, सिलतऱ्याच्या प्लांटपर्यंत. तिला जागा मिळायची, तो मात्र तिच्या सीटचा दांडा धरून उभा. आणि शेजारी कोण? कंपनीशी काही देणंघेणं नसलेला, फुकटात घोरत जाणारा कुणीतरी! थंडी पडली तरी तेच. प्रशिकनं एकदा तरी बाजूला बसावं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटी ती टाइम ऑफिसच्या हरिदासकाकांकडे गेली. "काका, बाहेरचे लोक बसतात. पास तपासा ना."

सोमवारी काका स्वतः बसच्या दारात उभे. मोनाली आधीच चढलेली, बाजूला पर्स ठेवून, खुशीत. प्रशिक आला... आणि खिसे चाचपत राहिला.

"तुझा ठेका तर दिवाळीलेच संपला ना रे," काका हळूच म्हणाले. "आता कसा चढवू तुले?"

ते ऐकून मोनाली धडपडत खाली उतरली.

"काहून नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बेकार झालो म्हणून?"

"मग रोज कुठं जाऊन राहिला होतास?"

"तिथल्याच कारखान्यांत गेटोगेटी काम मागून राहिलो." त्याचे डोळे भरले. "तिथं ऑटोनंही जाता आलं असतं, मोनाली. बस तर तुझ्यासाठी होती..."

"पास तपासायले मीच सांगितलं रे! तू बाजूले बसावं म्हणून..." तिला रडू आवरेना. "मले तू आवडतोस. ऐकून राहिला ना?"

"हव. चढ आता, हजेरी जाईल तुझी. काम लागलं की येतो."

"अन् नाही लागलं तर?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला, काकांनी तिला हाताला धरून वर घेतलं.

"नाही लागलं तरी ये!" ती खिडकीतून ओरडली. पण बस वळली होती, आणि त्यानं ऐकलं की नाही, ते तिला कधीच कळलं नाही.