हिरव्या मॉरिसचा अल्टरनेटर

"तिसरा अल्टरनेटरही गेला!" बिंदू गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि ओरडला.

लष्कर मोहल्ल्यात गुरुराव मेकॅनिकचं गॅरेज होतं. तिथे तिरुमलमामांची जुनी हिरवी मॉरिस गाडी दोन महिने उभी होती. पूर्वी चामुंडीची टेकडी चढताना ती दर वळणाला धापा टाकायची. म्हणून मामींनीच हट्ट धरला, "हिच्यात मोठं इंजिन बसवा!" मामांनी काँटेसा गाडीचं इंजिन आणलं, पण काम सुरू व्हायच्या आत मामी गेल्या. आता रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं, टी. नरसीपूरला, नद्यांच्या संगमावर. मामांना ह्याच गाडीने जायचं होतं.

"शुक्रवारपर्यंत झाली तर झाली," मामा त्या सकाळीच म्हणाले होते. "नाहीतर आपण बसने जाऊ. सोमवारी बंगळूरचा दलाल येईल, त्याला गाडी देऊन टाकतो."

ते हे शांतपणे म्हणाले. पण त्यांनी चहा तसाच ठेवला, हे रत्नाने पाहिलं. आज गुरुवार होता.

नागरत्ना, म्हणजे रत्ना, आणि तिचा मोठा भाऊ बिंदुमाधव सुट्टीसाठी धारवाडहून चामराजपुरमला मामांकडे आले होते. शेजारचा व्यासराज पहिल्या दिवसापासून त्यांना चिकटला होता.

"अल्टरनेटर नसला तर काय बिघडतं?" व्यासूने विचारलं.

"इंजिन फिरतं तेव्हा तो वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो," बिंदू म्हणाला. "तो नसला तर बॅटरी संपेल आणि गाडी मध्येच कुठेतरी बंद पडेल. वाटेत बन्नूरपाशी ढकलशील?"

"मी? सकाळी इडल्या किती खाल्ल्यास ते आठव! तूच ढकल!"

"खोटा माल!" गुरुराव हात पुसत म्हणाला. "तिन्ही दुकानदारांनी फसवलं. माझं माप बरोबर आहे. दोन बोटं मोकळी जागा सोडली होती!"

बाकावर तिन्ही मोडके अल्टरनेटर ओळीने ठेवले होते. रत्नाने एकेक फिरवून पाहिला. तिन्ही एकाच बाजूला फुटले होते. आणि फुटलेल्या जागी हिरवा रंग लागला होता!

"बिंदू, इकडे ये! हा मॉरिसचा रंग ना? म्हणजे ह्यांनी आतल्या पत्र्याला धडक दिली."

"कशी देतील? मध्ये दोन बोटं जागा होती."

"गाडी बंद असताना होती," रत्ना म्हणाली. "इंजिन सुरू झाल्यावर कोणी मोजली?"

"चालत्या इंजिनात बोटं घालतेस? वेडी आहेस का?"

"बोटं नाही रे! बोटांऐवजी दुसरं काहीतरी."

तेवढ्यात गुरुरावची आई अंबाबाई डबा घेऊन आली. डब्यात रागी मुद्दे होते, नाचणीच्या पिठाचे उकडलेले घट्ट गोळे. रत्ना त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अज्जी, हे तिन्ही गोळे आम्हाला द्याल?"

"अय्यो! तिघांना एवढी भूक?"

"खायला नकोत. अल्टरनेटर करायचाय!"

अंबाबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी गोळे दिले. गुरुराव चहाला गेला होता. मुलांनी तिन्हींचा एक मोठा गोळा केला, केळीच्या पानात बांधला आणि अल्टरनेटरच्या रिकाम्या जागेत गच्च बसवला. मग बॉनेट मिटून तिघं साळसूदपणे उभी राहिली.

"गुरुअण्णा," गुरुराव परतताच व्यासू म्हणाला, "ह्या इंजिनाचा वाघासारखा आवाज फक्त तुम्हालाच काढता येतो म्हणे!"

"कोण म्हणालं?" गुरुराव खूश झाला. "बॅटरीवर दोन मिनिटं चालेल. ऐक!"

तो आत बसला आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गॅरेजचा पत्रा थरथरला. इंजिन बंद झाल्यावर, तो गाडीतून उतरून पाना शोधेपर्यंत, मुलांनी गोळा बाहेर काढला. एका बाजूने तो पार चपटा झाला होता!

"इंजिन चालताना एवढीच जागा उरते. आता ह्याच्याएवढाच अल्टरनेटर शोधायचा," रत्ना म्हणाली. गोळा दोन्ही हातांत धरून ती भंगारबाजाराकडे पळत सुटली. कोपऱ्यावर एक गाय उभी होती. तिने मान वळवली आणि पानासकट पुरावा खाऊन टाकला!

"गेलं!" व्यासू कपाळावर हात मारून म्हणाला. "आता?"

"आता खरं सांगायचं," रत्ना म्हणाली.

खरं ऐकून गुरुराव लाल झाला. "माझं माप चुकलं म्हणता? वीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात!"

"मग घाबरतोस कशाला?" अंबाबाई म्हणाल्या. "मी दुसरे मुद्दे करून आणते. पोरांना दाखव तुझं माप."

गोळा पुन्हा बसवला गेला. गुरुराव गाडीत बसायला निघाला.

"आत नको, गुरुअण्णा," रत्ना म्हणाली. "बिंदू फक्त किल्ली फिरवेल. तुम्ही इथे पुढे उभे राहा आणि बॉनेट उघडं ठेवून हाताने रेस द्या."

गुरुरावने हाताने अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढली. इंजिन गुरगुरलं आणि एका अंगाला कललं. रबराच्या उशांवर बसवलेलं ते जड धूड पत्र्याकडे सरकलं, आणि गोळा गुरुरावच्या डोळ्यांदेखत चपटा झाला!

त्याने तार सोडली.

"मी नेहमी आत बसूनच रेस देतो," तो म्हणाला. "आणि माप घेतो इंजिन बंद असताना. दुकानदारांना उगाच शिव्या दिल्या." मग त्याने चपटा गोळा उचलला. "चला! आणि ती गाय दिसली तर मला सांगा!"

चार दुकानं झाली. अ‍ॅम्बॅसॅडरचा मोठा होता, ट्रॅक्टरचा त्याहून मोठा. पाचव्या दुकानात व्यासूने टायरांमागून एक धुळकट अल्टरनेटर ओढून काढला. "हा बघा, केवढासा!"

"मारुतीचा," दुकानदार म्हणाला. "गाडी लहान, म्हणून हाही लहान."

रत्नाने गोळा शेजारी धरला. अल्टरनेटर त्याहूनही बोटभर कमी भरला!

"ह्याची पुली आपल्या इंजिनाच्या पट्ट्याला चालणार नाही," बिंदू म्हणाला.

"जुन्याची काढून बसवू. शाबास, तुझं लक्ष आहे!" गुरुराव म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी मामा आले तेव्हा गाडी चालू होती. गुरुरावने अर्धा तास रेस दिली. काही फुटलं नाही. त्याने मामांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. "साहेब, ह्या पोरीने मला माप घ्यायला शिकवलं," तो म्हणाला.

मामांनी तिघांकडे पाहिलं. "तुमच्या मामीला तुमचा फार अभिमान वाटला असता," ते म्हणाले. "मलाही वाटतो."

रविवारी संगमावर विधी झाले. सगळे गाडीत येऊन बसले. मामांनी किल्ली घातली, तेव्हा मागच्या सीटवर कोणी श्वाससुद्धा घेतला नाही. किल्ली फिरताच इंजिन सुरू झालं.

"सरळ घरी?" बिंदूने विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. "आधी चामुंडीवर."