दुसऱ्या पिंजऱ्यावरचं नाव

१९३१ सालचा चैत्र. सोलापुरातल्या एका दवाखान्यात धुळाप्पा कंपाउंडर होता. औषधं कालवायची, मागच्या खोलीतल्या गिनीपिगांना घास घालायचा, एवढंच त्याचं काम. त्या खेपेला मात्र काम घरचंच निघालं. त्याची बायको निंगव्वा दोन महिने खोकत होती. क्षय निघाला तर वर्षाची लेक अक्कम्मा तिच्यापासून कायमची लांब ठेवावी लागणार होती. तूर्त पोर बाळीवेशीत आजीकडं होती.

डॉक्टरांनी निंगव्वाची थुंकी एका गिनीपिगाला टोचली. दुसरं बिनटोचलेलं, तुलनेसाठी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सहा आठवड्यांनी दोन्ही फाडून बघायची.

पहिल्या पिंजऱ्याच्या पाटीवर धुळाप्पानं निंगव्वाचं नाव घातलं. दुसरी कोरीच ठेवायची होती. पण हे जनावर ठणठणीत राहणार, मग पोरीचं नाव असू दे की, म्हणून त्यानं हौसेनं 'अक्कम्मा' लिहिलं. बापाची माया, दुसरं काय!

तिसऱ्या दिवसापासून गिरणीचा बाराचा भोंगा झाला, की त्या तापलेल्या, फिनेलच्या वासानं कोंदलेल्या खोलीत दुसरा पिंजरा खोकायचा. दोन आखूड, जरा थांबून एक लांब.

"खुळा आहेस," डॉक्टर म्हणाले. "गिनीपिग क्षयानं मरतं, पण माणसासारखं खोकत नाही. रोग आहे की नाही, एवढंच जनावर सांगतं. माणसाचं पुढं काय होणार, ते त्याला विचारू नये."

सहा आठवडे झाले. पहिलं फाडलं. फुप्फुस, यकृत, पानथरी, सगळं स्वच्छ. धुळाप्पाला रडूच फुटलं. त्यानं झाडूवाल्या कोंडीबाला लगोलग पिटाळलं, "सासूबाईस्नी म्हनावं, पोरीला आईकडं आना!"

मग दुसरं फाडलं. फुप्फुसभर ज्वारीएवढ्या गाठी.

"पिंजरे बदलले का रे?"

"न्हाय साहेब... टोचलेल्याचा कान कातरला हुता. ह्येचा अख्खा हाय."

डॉक्टरांनी वाकून कान बघितला. "परत तपासू," एवढंच म्हणाले.

धुळाप्पा अनवाणीच घरी पळाला. निंगव्वा दारातच पोरीला छातीशी धरून बसली होती. तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

"अवं, वळखलं की मला! जरा खोकती... आई म्हनती, सा हप्तं झालं, रोज भोंग्याला. तुमाला घोर नको म्हनून बोलली न्हाय."

गिरणीचा भोंगा झाला. पोरीनं आईच्या पदरातून तोंड बाहेर काढलं.

दोन आखूड.

मग ती थांबली, आणि धुळाप्पा तिसऱ्याची वाट बघत उभा राहिला.