निरोगी माणूस हवा आहे

"तुम्हाला सर्दी झालीय का?"

लिफ्टमधून दगडांचं खोकं घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला तिने पहिल्या भेटीत विचारलं ते हे. तो चुकून चौथ्या मजल्यावर उतरला होता, आणि तिच्या प्रयोगासाठी रक्त देणारा माणूस ऐन वेळी गायब झाला होता.

"नाही... का?"

"ताप, खोकला, महिन्याभरात एखादी लस?"

"काहीच नाही."

"मग चला. मला निरोगी माणूस हवाय."

"इतक्या घाईने मला अजून कुणी पसंत केलं नव्हतं," म्हणत तो तिच्यामागे गेला.

ती रोगप्रतिकारशक्तीवर पीएच.डी. करत होती. एका चिवट तापाच्या रुग्णाच्या आणि धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, दोन्हींना तोच जंतू दाखवायचा आणि कोण किती खवळतं ते मोजायचं, हा तिचा उद्योग. त्याचा उद्योग तळमजल्यावर, भूगर्भशास्त्र विभागात. प्रयोगशाळेने त्याचं नाव दगडोबा ठेवून टाकलं.

दर दुसऱ्या गुरुवारी तो येऊ लागला. प्रश्नावली भरायचा, बाही वर सारायचा आणि सुई दिसू नये म्हणून छताकडे बघत बसायचा. कान मात्र लाल व्हायचे. एकदा शीर काही केल्या सापडेना.

"दगडाला पाझर फोडायचं काम आहे हे," ती पुटपुटली.

"प्रयत्न सोडू नका," तो छतालाच म्हणाला, "फुटेल..."

तिला हसू आवरेना. त्या दिवशी सुई दोनदा टोचावी लागली.

पाचव्या खेपेला मात्र त्याच्या पेशींनी जंतू दिसण्याआधीच थयथयाट मांडला. तिने आकडे पुन्हा तपासले, तरी तेच. आठ दिवसांवर वार्षिक परीक्षण होतं. हा प्रयोग फसला तर तिचं अख्खं वर्ष लांबणार होतं. पण तिच्या मनात आधी आलं ते वेगळंच. याला काही मोठं दुखणं तर नसेल? ती जिने उतरून धावतच तळमजल्यावर गेली.

"तुम्हाला काय होतंय? खरं सांगा."

तो हातातला दगड उगाचच पुसत राहिला. "दोन दिवस ताप होता... गोळी घेऊन आलो."

"पण प्रश्नावलीत तर—"

"'नाही' लिहिलं. 'हो' लिहिलं असतं, तर महिनाभर बोलावलं नसतंत तुम्ही."

तिचा जीव भांड्यात पडला आणि पुढच्याच क्षणी पारा चढला. "तू खोटं बोललास? माझा प्रयोग पाण्यात गेला!"

"तुम्ही मला... 'तू' म्हणालात."

"रागाने म्हणाले!" आणि ती तरातरा निघून गेली.

रुग्णाच्या अर्ध्या पेशी तिने गोठवून ठेवल्या होत्या, एवढंच नशीब. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात तीन अनोळखी माणसं उभी होती. त्यांच्या बरीच मागे, मास्क लावलेला दगडोबा.

"माझ्याच विभागातले आहेत," तो लांबूनच ओरडला. "कालपासून एकालाही शिंक आलेली नाही. मी नजर ठेवून होतो!"

प्रयोग पुन्हा झाला. पेशींमधला फरक लख्ख दिसला, परीक्षकांनी माना डोलावल्या आणि तिचं वर्ष वाचलं. मग राहिलं ते दात्यांच्या यादीतून त्याचं नाव कमी करण्याचं काम. त्याने समोर बसून अर्ज वाचला. चार कारणं छापलेली होती: आजार, स्थलांतर, चुकीची माहिती, संशोधकाशी जवळचं नातं.

"तिसऱ्यावर खूण करा," तो मान खाली घालून म्हणाला. "चूक माझीच आहे."

तिने तिसऱ्यावर खूण केली. तो तिला आवडत होता, फार आवडत होता, आणि आता ते स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता. तिने चौथ्यावरही खूण केली.

त्याचे कान लाल झाले. "पण... आपलं तसं काही नातं नाहीये अजून."

"मग साडेपाचच्या आत जुळव," ती म्हणाली. "त्यानंतर कार्यालय बंद होतं... आणि मला अर्जात खोटं लिहायचं नाहीये."