डाव्या हाताची टाळी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात मीठमसाला लावलेला नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो शिवपुत्र माझा मामेभाऊ आहे. उमरग्यात आडत दुकान चालवतो. आणि दिवस मावळायच्या आत शटर ओढून घेतो.

रात्र होती गेल्या डिसेंबरातली. शनिवार. जागा नळदुर्गजवळचं, हायवेला लागून असलेलं मोकळं मैदान. तिथं 'वखर' बँडचा कार्यक्रम होता.

शिवपुत्र या बँडसाठी येडा होता. सकाळी देवाचं नाव घ्यायच्या आधी त्याच्या मोबाइलवर गिटार वाजायची. मामी वैतागून म्हणायच्या, "ह्याचं लगीन त्या ढोलबडव्यांशीच लावून द्या."

बरोबर महांतेश होता. गल्लीतलाच, लंगोटीयार. दोघांच्या घरात कानडी, बाहेर मराठी. महांतेशला ती गाणी अजिबात आवडायची नाहीत. "डोकं उठतं," म्हणायचा. तो गेला तो फक्त दोस्तासाठी.

हे लक्षात ठेवा.

दोघं रेटारेटी करत पार पुढच्या कठड्यापर्यंत पोचले. गाण्यामागून गाणी झाली. शिवपुत्रचा घसा बसला, तरी तो ओरडतच होता.

मग महांतेशनं त्याची बाही ओढली.

थंडीत त्याला घाम फुटला होता. तो छाती चोळत होता. चोळता चोळता गळ्यातल्या लिंगाचा दोरा तुटला.

आम्हा लिंगायतांत इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. पूजेला ते डाव्या तळहातावर घ्यायचं, एरवी गळ्यात. माणूस गेला तरी त्याच्याबरोबर मातीत जातं. पण पायाखाली पडलं तर काय, या भीतीनं महांतेशनं ते चांदीच्या डबीसकट शिवपुत्रच्या हातात दिलं.

"तुझ्या जॅकिटाला चेन हाय, ठिव. भाईर गेल्यावर बांधतो. शिवा, लई कसंतरी व्हायलंय. बारो, जाऊ."

बारो. म्हणजे ये रे, चल. लहानपणापासून तो शिवपुत्रला अशीच हाक मारायचा.

"'मोट' गाणं ऱ्हायलंय लेका," शिवपुत्र म्हणाला. "त्याच्यासाठीच तर आलोय. तू हो गाडीपाशी, म्या आलोच."

महांतेश क्षणभर थांबला. मग गर्दीत शिरला.

शिवपुत्रनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

थोड्या वेळानं स्टेजवरचे सगळे दिवे गेले. लोकांनी आरडाओरडा करत मोबाइलचे दिवे लावले. स्टेजवरच्या अंधारातच 'मोट'चा पहिला ठोका पडला...

आणि शिवपुत्रच्या डाव्या कानातला आवाज गेला.

उजवीकडं हजारो माणसं गात होती. डावीकडं काहीच नाही. विहिरीत वाकून ऐकावं तसं.

त्यानं मान वळवली.

महांतेश उभा होता...

गळा मोकळा. शर्टाचं वरचं बटण उघडं. तो स्टेजकडं बघत नव्हता. शिवपुत्रकडं बघत होता.

"आलास व्हय परत? बरं वाटायलंय का?"

 महांतेशनं हात पुढं केला. डावा. तळवा वर.

शिवपुत्रला वाटलं, गडी रंगात आला. त्यानं त्या तळव्यावर सणसणीत टाळी दिली.

तळवा गार होता. थंडीत रात्रभर अंगणात राहिलेल्या तांब्यासारखा.

हात तसाच पुढं राहिला...

शिवपुत्र हसला आणि पुन्हा स्टेजकडं वळला. गाणं संपलं, दिवे लागले, डाव्या कानात आवाज परत आला. शेजारी एक अनोळखी पोरगी शिट्ट्या मारत होती.

बाहेर एका ढाब्यासमोर लावलेल्या गाडीपाशी घोळका जमला होता. मधोमध महांतेश ढाब्याच्या भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर पडलेली. ढाब्याचे मालक बलभीम पाण्याची बाटली घेऊन उकिडवे बसले होते.

"तुमचा माणूस का?" ते म्हणाले. "म्या पाणी पाजाया बघितलं भाऊ. पर तिकडं लाइट जायच्या आधीच ह्यानं मान टाकली व्हती."

आधीच.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. थोडं आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं.

हे 'थोडं आधी' शिवपुत्रच्या काळजात रुतलं. महांतेशचे वडील शिवलिंगप्पा दवाखान्यात धावत आले, तेव्हा त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"काका, गेटपाशीच चुकामूक झाली. आत तो मला दिसलाच न्हाय."

आणि जॅकेटच्या खिशात लिंग होतं.

आता काढून दिलं असतं, तर खोटं उघडं पडलं असतं. उद्या देऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणं महांतेशला बसवून माती द्यायची होती. मी तिथंच होतो. स्वामी म्हणाले, "हातावर लिंग ठेवा." लिंग सापडेना. घर धुंडाळलं, कपडे झाडून पाहिले. खड्ड्यात महांतेश बसलेला, डावा तळवा उघडा...

तो तळवा पाहून शिवपुत्र मटकन खाली बसला. लोकांना वाटलं, दुःखानं. त्याचा हात मात्र खिशाच्या चेनवर होता.

शेवटी दुसरं लिंग आणून ठेवलं.

सात-आठ दिवसांनी भर दुपारी शिवलिंगप्पा दुकानात आले. मोबाइल पुढं केला. बँडनं त्या रात्रीचा व्हिडिओ टाकला होता. मोबाइलच्या उजेडात कठड्यापाशी शिवपुत्र, डावीकडं मोकळी जागा. एवढ्या गर्दीत तेवढीच मोकळी. आणि तो हसत हसत हवेत टाळी देतो.

एवढ्या गोंगाटात टाळीचा आवाज येतो. स्वच्छ.

"कुणाला टाळी देतूस रं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

शिवपुत्रनं खिशातून डबी काढून समोर ठेवली. म्हणाला, "गेटपाशीच दिली व्हती काका. इसरलो."

शिवलिंगप्पांनी डबी कपाळाला लावली. डोळे पुसले. मग अगदी हळू विचारलं, "त्यानं परत मागितलं न्हाय का?"

खरं बोलायची ती शेवटची संधी होती.

"न्हाय," शिवपुत्र म्हणाला.

 त्याच दिवशी शिवलिंगप्पांनी समाधीची माती उकरून लिंग आत ठेवलं. मला वाटलं, मिटलं.

दिवस मावळताना शिवपुत्रचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. मी पळत गेलो. तो पोत्यांना टेकून बसला होता, डाव्या कानावर हात दाबून.

"दादा, शटर अर्धं ओढलं... आन् खालनं हात आला. डावा."

मी वाकून बघितलं. बाहेर रिकामा रस्ता होता.

"लिंग मिळालं की रं त्याला," मी म्हणालो. "आता काय मागायलाय?"

शिवपुत्रनं मान हलवली.

"काय मागत न्हाय दादा. तवाबी मागत नसंल. त्यो बारो म्हणतोय."

ही गोष्ट त्यानं शिवलिंगप्पांना अजून सांगितलेली नाही. म्हातारा रोज दुकानावरून जाताना त्याची विचारपूस करतो, त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. आणि मी रोज संध्याकाळी त्याला घरी सोडायला जातो. तो माझ्या उजव्या बाजूनंच चालतो. डावीकडं एका माणसाची जागा सोडून.