खरी नक्कल

वकीलबाईंनी सांगितलं म्हणून मी त्या दुपारी जिल्हा रुग्णालयात गेलो होतो. काम साधंच होतं. दादाच्या पोस्टमॉर्टेमची सही-शिक्क्याची नक्कल आणायची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सहा वर्षांपूर्वी गोदामातल्या चोरीच्या संशयावरून पोलिसांनी आम्हा दोघांना उचललं आणि शेजारशेजारच्या खोल्यांत ठेवलं. तिसऱ्या पहाटे दादा गेला. त्याच सकाळी माझी एका कागदावर सही आणि अंगठा घेऊन मला सोडून दिलं. कागदावर लिहिलं होतं, भाऊ जिन्यावरून पडला, आम्हाला कोणी हात लावला नाही.

आता चौकशी आयोग बसला होता. आईला आणि वहिनीला नुकसानभरपाई मिळावी, त्या दोन अधिकाऱ्यांवर खटला भरावा, अशी आमची मागणी होती.

तुमच्यापासून काय लपवायचं, मला दादाचा हेवा वाटायचा. मेलेल्या माणसाचा. घरी कोणी आलं की आधी त्याच्या फोटोपुढे उभं राहायचं. अर्जात त्याचं नाव, वर्तमानपत्रात त्याचं नाव, आईच्या तोंडी तर दुसरं काही नसायचंच. मी बुकबाइंडर. थंडीत तळपाय असे ठणकतात की कागद कापायच्या यंत्रापाशी उभं राहवत नाही. एकदा आईला म्हणालो, "मलाही मारलं होतं गं." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू आलास ना रे घरी." विषय संपला.

वकीलबाईंनीही विचारलं होतं, "तुमच्या अंगावर दाखवण्यासारखं काही आहे का?" नव्हतं. वळ होते, ते विरून गेले.

रेकॉर्डची खोली मागच्या इमारतीत, शवागाराच्या बरोबर वर होती. छतापर्यंत लोखंडी मांडण्या. खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, त्यामुळे भर दुपारी ट्यूबलाइट जळत होती. जुन्या कागदाचा आणि खळीचा वास मला रोजचाच, त्यामुळे जरा बरंच वाटलं.

"झेरॉक्स मशीन माझ्याआधी रिटायर झालं," तिथला म्हातारा कारकून म्हणाला. "मी वाचतो, तुम्ही लिहा. मग ताडून बघतो आणि शिक्का मारतो."

मी खाली मान घालून लिहू लागलो. पाठीवर इतके वळ, इतकी लांबी, इतकी रुंदी, रंग निळसर काळा. प्रत्येक जखमेला क्रमांक होता. माझ्या वळांची लांबी कोणी मोजली होती? रंग कोणी पाहिला होता? मेल्यावरसुद्धा ह्याचंच सगळं नीट मांडून ठेवलेलं...

वाचणारा आवाज हळूहळू खाली गेला. ओल्या चामड्याचा वास आला. मी लिहीत राहिलो. "डावा तळपाय... पट्ट्याचे वळ... उजवी पोटरी... बक्कल..."

माझं पेन थांबलं. बक्कल माझ्या पोटरीत रुतलं होतं. दादाच्या नाही.

मी मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती. फायलीवर कारकुनाचा चष्मा नुसता पडला होता. आवाज मांडणीच्या मागून येत होता, दर दोन शब्दांनी श्वास गोळा करत. दुसऱ्या रात्री भिंतीपलीकडून दादाचा आवाज असाच येत होता. म्हणजे मला मारत होते तेव्हा तो ऐकत होता... एकेक फटका त्याने लक्षात ठेवला होता.

"दादा..." मी म्हणालो.

तो थांबला नाही. "उजव्या हाताचा अंगठा... शाई... मार नाही."

आणि मग गप्प झाला. मार न खाताच मी तो अंगठा दिला, तेव्हा दादाला जाऊन पाच तास झाले होते.

कारकून शिक्का घेऊन दारातून आत आला. चष्मा लावून त्याने माझा कागद ताडून पाहिला. "जखमा अकराच आहेत. पुढच्या सहा कुठून आणल्यात?"

"तुम्हीच वाचल्यात ना?"

"मी खाली साहेबांकडे गेलो त्याला दहा मिनिटं झाली की हो."

त्याने अकराव्या ओळीखाली रेघ मारली आणि तिथेच शिक्का उमटवला.

संध्याकाळी मी वकीलबाईंना म्हणालो, "मला तो जिन्यावरून पडल्याचा जबाब मागे घ्यायचाय."

"खोटं लिहून दिलंत म्हणून तुमच्यावरही येईल."

"येऊ दे."

आयोगापुढे मी दोन दिवस बोललो. माझ्या पायांचे एक्स-रे काढले, त्यात हाडं मोडून वाकडी जुळलेली दिसली. ते दोघे निलंबित झाले, त्यांच्यावर खटला उभा राहिला. आईला, वहिनीला भरपाई मिळाली, माझ्या नावाचाही वेगळा आदेश निघाला. त्या रात्री आईने पहिल्यांदा माझे पाय मांडीवर घेतले. बोटांनी चाचपत म्हणाली, "किती दुखलं असेल रे." मी डोळे मिटले. सहा वर्षं ह्याच वाक्याची वाट पाहिली होती. मग ती म्हणाली, "त्याला ऐकू गेलं असेल का रे? तळमळला असेल."

पाय माझे, आणि आईचा जीव त्याच्यापाशी. आजही मला तो हेवा आहे, खोटं नाही सांगत.

गेल्या आठवड्यात आयोगाने आमचे कागद परत केले. दुपारी मी एकेक तपासत बसलो होतो. माझ्या हातच्या त्या नकलेवर सतराव्या ओळीखाली अठरावी ओळ होती. अक्षर माझंच. डाव्या खांद्यावर, मागून धरल्याचे चार बोटांचे ठसे.

मी शर्ट काढला. "वहिनी, जरा पाठ बघता?"

ती मागे येऊन उभी राहिली. मग तिने आपली बोटं एकेक करून माझ्या खांद्यावरच्या चार खुणांवर टेकवली आणि झटकन काढून घेतली.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "अजून गरम आहेत..."